मनगटातलं दार

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या हाताला तुम्ही कधी हात लावलाय? मनगटाच्या जरा वर किंवा कोपराच्या घडीत बोटं टेकवली, तर कातडीखाली काहीतरी सतत थरथरताना जाणवतं. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन खिशात वाजत राहावा आणि कुणी तो उचलूच नये, तसं. नाडीला ठोका असतो, मधे विश्रांती असते. इथे विश्रांती नाही. कान जवळ नेला तर घुमल्यासारखा आवाजही येतो. वरून बघायला हात काही सुंदर दिसत नाही. शीर दोरखंडासारखी फुगलेली असते आणि तिच्यावर सुयांचे व्रण असतात. पहिल्यांदा बघणारा दचकतो. पण ज्याचा हात आहे तो माणूस रोज सकाळी उठल्यावर आधी तिथे बोटं ठेवतो. थरथर लागली की दिवस सुरू. नाही लागली, तर सगळी कामं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

या जोडणीला एव्ही फिस्टुला म्हणतात. ए म्हणजे आर्टरी, आपली धमनी. व्ही म्हणजे व्हेन, आपली शीर. शाळेच्या पुस्तकात त्यांना रोहिणी आणि नीला म्हटलं होतं. फिस्टुला हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ नळी, आणि गुराख्याचा पावासुद्धा.

डायलिसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मशीन येतं. इतिहासही बहुतेक वेळा मशीनचाच सांगितला जातो. पण मशीन १९४३ मध्येच तयार होतं, आणि तरीही पुढची सतरा वर्षं ज्यांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या होत्या, ती माणसं मरतच राहिली. अडचण मशीनमध्ये नव्हती. अडचण होती रक्तापर्यंत पोचण्याची, पुन्हा पुन्हा आणि वर्षानुवर्षं पोचण्याची.

संपत जाणारा हात

आधी साधा हिशेब बघू. निकामी किडनीचं काम मशीनकडून करून घ्यायचं, तर आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चारेक तास शरीरातलं रक्त बाहेर काढायचं, गाळायचं आणि परत आत सोडायचं. वर्षाला दीडशेहून जास्त खेपा. प्रत्येक खेपेला दोन वाटा हव्यात, एक रक्त बाहेर यायला आणि दुसरी आत जायला. वाटही रुंद हवी, कारण मशीनला मिनिटाला दोनशे-तीनशे मिलिलिटर रक्त लागतं. आपण रक्त तपासायला देतो तेव्हा हाताच्या शिरेतून ते निवांत येतं. मशीनच्या ओढीला ती साधी शीर पुरत नाही, चिपाडासारखी चपटी होते. धमनीत जोर भरपूर असतो, पण ती खोल असते, तिला टोचणं दुखतं, आणि वारंवार टोचून चालत नाही.

जर्मनीत गीसेन इथे गेओर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावरचं पहिलं डायलिसिस केलं. ते पंधरा मिनिटं चाललं. रक्त गोठू नये म्हणून सुरुवातीला जळवांच्या लाळेतून काढलेलं हिरुडिन वापरत. ते शुद्ध नसे आणि रुग्णाला त्रास व्हायचा. १९२८ मध्ये हास यांनी हेपॅरिन वापरलं आणि तो प्रश्न बराचसा सुटला. पण थोडक्या रुग्णांनंतर त्यांचं काम थांबलं.

मग आले विलेम कोल्फ. १९३८ मध्ये नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगेन इथे ते तरुण डॉक्टर होते. त्यांच्या वॉर्डात २२ वर्षांचा एक मुलगा किडनी निकामी होऊन डोळ्यांदेखत गेला. रोज थोडासा युरिया रक्तातून काढता आला असता तर हा जगला असता, हा विचार कोल्फना सोडेना. पुढे देश नाझींच्या ताब्यात गेला आणि कोल्फ काम्पेन या छोट्या गावी आले. तिथे त्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून मशीन उभं केलं. सॉसेज भरायला वापरतात त्या सेलोफेनची लांबच लांब नळी एका फिरत्या ड्रमभोवती गुंडाळली आणि ड्रमचा खालचा भाग मिठाच्या द्रावणाने भरलेल्या टबात बुडवला. नळीतून रक्त फिरायचं आणि त्यातली घाण पाण्यात उतरायची. गावातल्या एनॅमलच्या कारखान्याने मदत केली.

मार्च १९४३ मध्ये पहिली रुग्ण आली. २९ वर्षांची, घरकाम करणारी बाई. तिच्या किडन्या कायमच्या गेल्या होत्या. डायलिसिसनंतर तिला बरं वाटायचं, नजर आणि शुद्ध सुधारायची, आणि काही दिवसांत विष पुन्हा साचायचं. पुन्हा डायलिसिस, पुन्हा एक रक्तवाहिनी उघडायची. असं बारा वेळा झालं. त्यानंतर वापरण्याजोगी जागाच उरली नाही आणि ती गेली. मशीन चालू स्थितीत खोलीत उभं होतं. संपला होता तो तिचा हात.

कोल्फच्या पहिल्या सोळा-सतरा रुग्णांपैकी जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेत आलेली ६७ वर्षांची एक बाई अकरा तासांच्या डायलिसिसनंतर शुद्धीवर आली आणि वाचली. तिच्या किडन्या तात्पुरत्या बंद पडल्या होत्या, थोडी उसंत मिळताच त्या पुन्हा चालू झाल्या. त्यामुळे डॉक्टरांनी धडा घेतला तो असा: डायलिसिस हे थोड्या दिवसांचा पूल म्हणून चांगलं, कायमच्या आजारासाठी निरुपयोगी. स्वीडनमध्ये लुंड इथे निल्स आल्वाल यांनी काचेच्या नळीने धमनी आणि शीर जोडून ठेवायचा प्रयत्न सशांवर केला. रक्त गोठे, जंतू शिरत. त्यांनीही नाद सोडला.

तव्यावरचं अस्तर

अमेरिकेत सिअॅटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांच्याकडे एक रुग्ण आला. किडन्या तात्पुरत्या बिघडल्या असाव्यात, अशा समजुतीने त्याला डायलिसिस दिलं. तो उठून बसला, बोलायला लागला. मग निदान हाती आलं: आजार कायमचा आहे. आता करण्यासारखं काही नव्हतं. नुकताच सावरलेला माणूस मरण्यासाठी घरी पाठवायचा, हे त्याच्या बायकोला सांगायची वेळ स्क्रिबनरवर आली. काही दिवसांनी पहाटे चारच्या सुमाराला त्यांना जाग आली आणि एक कल्पना सुचली. दर वेळी नवी वाट कशाला उघडायची? एक नळी धमनीत आणि एक शिरेत कायमची बसवून ठेवू. डायलिसिस नसेल तेव्हा दोन्ही टोकं हाताबाहेर एका वळशाने जोडून टाकू. रक्त वाहतं राहील, म्हणजे गोठणार नाही.

आल्वालची कल्पना याहून फार वेगळी नव्हती. वेगळा होता तो पदार्थ. टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिक तव्याला असतं ते अस्तर. ज्याला अंड्याचं ऑम्लेट चिकटत नाही त्याला रक्तही सहजी चिकटत नाही. सिअॅटलमधल्याच एका सर्जनने ते सुचवलं, वेन क्विंटन या इंजिनियरने ती नळी तापवून हवी तशी वळवली आणि डेव्हिड डिलार्ड या सर्जनने ती बसवली. ९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या ३९ वर्षांच्या बोइंग कंपनीतल्या मशिनिस्टच्या हातात पहिला शंट बसला. शील्ड्स मरणाच्या दारात होते. ते पुढे अकरा वर्षं जगले आणि गेले ते हृदयविकाराने.

जीवघेणा आजार पहिल्यांदाच सोबत घेऊन जगण्याचा आजार झाला. आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. वाट नव्हती तोवर आत कोणाला घ्यायचं हे ठरवावं लागत नव्हतं. आता वाट होती, पण खाटा मोजक्या आणि खर्च अफाट. १९६२ मध्ये सिअॅटलला खास केंद्र सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनी पात्र ठरवलेल्या रुग्णांतून निवड करायला सात जणांची समिती नेमली गेली. त्यात वकील, पाद्री, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन होते. नावं गुप्त होती. नोकरी काय, मुलं किती, चर्चला जातो का, असे प्रश्न चर्चेत येत. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा त्यावरचा लेख आला आणि देशभर खळबळ उडाली. वैद्यकीय नीतिशास्त्र हा आज जो स्वतंत्र विषय आहे, त्याच्या सुरुवातीच्या घटनांमध्ये ही समिती मोजली जाते. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये अमेरिकी सरकारने डायलिसिसचा खर्च उचलण्याचा कायदा केला आणि निवड करणाऱ्या अशा समित्यांची गरज संपली.

शंट मात्र नाजूक होता. बाहेर लोंबणारी नळी पट्टीखाली जपायची, आंघोळीला हात वर धरायचा, झोपेत ओढली गेली तर रक्ताचं थारोळं. जंतुसंसर्ग होई, रक्त गोठे. एक शंट निकामी झाला की थोडं वर दुसरा. पुढे सिलिकॉन रबर जोडून त्याचं आयुष्य वाढवलं, पण तत्त्व तेच राहिलं. प्रत्येक शंट धमनीचा आणि शिरेचा एक तुकडा खाऊन संपायचा. काम्पेनच्या त्या बाईचा प्रश्न पुढे ढकलला गेला होता, सुटला नव्हता.

बरी करण्याऐवजी केलेली जखम

आता जरा मागे, १८व्या शतकातल्या लंडनला जाऊ. आजार काहीही असो, शीर तोडून रक्त काढणं हा तेव्हा सर्रास उपाय होता. आपल्याकडे तुंबड्या आणि जळवा लावत, तसंच. कोपराच्या घडीत पातं मारताना कधी ते शिरेच्या आरपार जाऊन खालच्या धमनीलाही लागे. जखम भरे, पण आतून दोन्ही वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या राहत. १७५७ मध्ये विल्यम हंटर या शल्यविशारदाने अशा रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलं. शीर फुगते, बोट ठेवलं तर थरथर लागते, आणि कान दिला तर सूं सूं असा आवाज येतो. आजच्या डायलिसिस सेंटरमधल्या हाताचंच हे वर्णन. फक्त हंटरच्या लेखी ती चूक होती. पुढची दोनशे वर्षं सर्जन हेच शिकले: धमनी आणि शीर यांत असं छिद्र राहिलं तर ते बंद करा, नाहीतर हृदयावर ताण येतो.

रक्तवाहिन्या शिवण्याचं तंत्रही जुनंच होतं. फ्रान्समधल्या आलेक्सी कारेल यांनी १९०२ मध्ये ते मांडलं. ल्योनमधल्या भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून त्यांनी बारीक टाके शिकले असं सांगतात. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सर्जनला धमनी आणि शीर मुद्दाम जोडता आली असती. पण जो आजार दुरुस्त करायचा, तो कोण मुद्दाम निर्माण करील?

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये माजी सैनिकांचं एक सरकारी हॉस्पिटल आहे. तिथे १९६० नंतर जेम्स चिमिनो आणि मायकेल ब्रेशिया हे दोन तरुण डॉक्टर शंटच्या कटकटीला कंटाळले होते. विद्यार्थीदशेत चिमिनोंनी रक्तपेढीत रक्त काढण्याचं काम केलं होतं, त्यामुळे सुई आणि शीर यांच्यावर त्यांचा भरवसा होता. नळ्या न ठेवता नुसत्या सुईने शिरेतून रक्त घेऊन त्यांनी डायलिसिस करून पाहिलं. जमायचं, पण शीर हवं तेवढं रक्त दर वेळी देईलच याची खात्री नसे. तेव्हा चिमिनोंना कोरियाच्या युद्धातून परतलेले सैनिक आठवले. गोळ्यांच्या किंवा बॉम्बच्या कपच्यांनी काहींच्या धमन्या आणि शिरा अपघाताने जोडल्या गेल्या होत्या. त्या शिरा जाड, टपोऱ्या आणि रक्ताने भरलेल्या असत. रक्त काढणाऱ्याला तर पर्वणीच.

हीच जखम आपण करू, त्यांनी ठरवलं. त्यांचे सर्जन सहकारी केनेथ अॅपेल यांनी १९ फेब्रुवारी १९६५ रोजी मनगटाजवळची धमनी आणि शेजारची शीर यांना काही मिलिमीटरची छिद्रं पाडून ती बाजूबाजूने एकमेकींना शिवली. कातडी बंद केली. बाहेर काही नाही. नळी नाही, टेफ्लॉन नाही, शरीराला परकं असं काहीच नाही.

आत काय होतं? धमनीचं जोरदार रक्त बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात न शिरता थेट शिरेत घुसतं. दाबाने शीर हळूहळू रुंदावते आणि तिची भिंत जाड होते. काही आठवड्यांत ती अशी तयार होते की वरवर दिसते, सुईला सहज सापडते, आणि मशीन मागेल तेवढं रक्त देते. सुई काढली की टोचलेली जागा भरून येते, दोन दिवसांनी पुन्हा टोचता येते. शंट बसवल्या क्षणापासून झिजायला लागायचा. फिस्टुला वापरता वापरता तयार होतो. नीट सांभाळला तर दहा-वीस वर्षंही चालतो.

१९६६ मध्ये ब्राँक्सच्या डॉक्टरांनी हे काम एका परिषदेत मांडलं तेव्हा सभागृहात फारशी हालचाल झाली नाही. रस घेतला तो मुख्यतः एका माणसाने, बेल्डिंग स्क्रिबनर यांनी. ज्यांच्या शंटला ही शस्त्रक्रिया मोडीत काढणार होती, त्यांनीच आपला रुग्ण ब्राँक्सला पाठवला. त्याच वर्षी शोधनिबंध छापून आला आणि काही वर्षांत शंट इतिहासजमा झाला. २००२ मध्ये कोल्फ आणि स्क्रिबनर यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्या मानकऱ्यांत ब्राँक्सचे तिघे नव्हते. जगभरचे सर्जन मात्र आजही मनगटातल्या या जोडणीला ब्रेशिया-चिमिनो फिस्टुला म्हणतात.

मनगटापासून वर

पुढची पन्नास वर्षं मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरली: मनगट साथ देत नसेल तर काय? मधुमेहाने धमन्या कडक झालेल्या असतात, काहींच्या शिरा मुळातच बारीक असतात. अशांचा फिस्टुला कधी कधी तयारच होत नाही. मग सर्जन कोपरापाशी जोडणी करतो. तिथे वाहिन्या मोठ्या, पण रक्त जास्त ओढलं गेलं तर पंजा गार पडून दुखू शकतो. तेही शक्य नसेल तर दंडाच्या आतल्या बाजूला खोल असलेली शीर सोडवून कातडीजवळ आणायची आणि मग वापरायची. ही युक्ती १९७० च्या दशकातली. तीही उरली नाही तर कृत्रिम नळी, ग्राफ्ट. ती टेफ्लॉनचाच ताणून सच्छिद्र केलेला प्रकार आहे आणि कातडीखाली बसते. ग्राफ्टला तयार व्हायला महिने लागत नाहीत, पण जंतू आणि गुठळ्या यांचा त्रास फिस्टुलापेक्षा जास्त.

शेवटचा पर्याय म्हणजे गळ्यातला कॅथेटर. मानेच्या मोठ्या शिरेतून हृदयापर्यंत जाणारी नळी. लगेच वापरता येते, हा तिचा मोठा गुण. जंतूंना थेट रक्तात नेणारा रस्ताही तीच, हा मोठा दोष. एके काळी ती गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत घालत. मग लक्षात आलं की त्याने ती शीर आक्रसते आणि त्या बाजूच्या हाताचा फिस्टुलाही वाया जातो. म्हणून आता मानेची शीर आधी.

सर्जनचा क्रम खालून वर असतो, आणि शक्यतो ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हातापासून. कारण सरळ आहे: मनगट गेलं तर कोपर शिल्लक राहतं, पण कोपरापासून सुरुवात केली तर मनगट बहुतेक हातचं जातं. अमेरिकेत २००३ पासून ‘आधी फिस्टुला’ अशी मोहीमच चालली. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिला मुरड घातली. ऐंशी वर्षांच्या थकलेल्या माणसाला आणि तिशीतल्या तरुणीला एकच नियम कसा लावायचा? तिच्यासमोर डायलिसिसची आणि कदाचित प्रत्यारोपणाची कित्येक वर्षं आहेत, तिची एकेक शीर त्या हिशेबाने वापरायला हवी.

कोणता हात?

मुंबईशी या इतिहासाचा एक धागा आहे. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना जसलोक हॉस्पिटलमध्ये आणलं आणि डायलिसिस सुरू झालं. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांचं निधन झालं. मधल्या काळात निवडणूक झाली, केंद्रातलं सरकार पडलं आणि नवं आलं. त्या सगळ्या घडामोडींत जेपींचं आयुष्य डायलिसिसच्या वेळापत्रकाला बांधलेलं होतं. तेव्हा ही सोय देशात मोजक्या ठिकाणी आणि मोजक्यांसाठी होती.

आज तसं नाही. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयांत केंद्रं आहेत, राज्याची महात्मा फुले योजना आहे. मशीनपर्यंतचं अंतर कमी झालंय. पण दाराची गोष्ट अजून मागेच आहे. फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणजे तो गरज पडण्याआधी करून ठेवायला हवा. आपल्याकडे मात्र बऱ्याच जणांना किडनीचा आजार कळतो तोच धाप लागून अॅडमिट झाल्यावर. मग घाईने गळ्यात नळी पडते. ज्यांना आधी कळलेलं असतं तेही शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहतात. फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस लागणारच हे कबूल केल्यासारखं वाटतं. मनाची ही टाळाटाळ समजण्यासारखी आहे. पण त्या काळात हाताच्या शिरा सलाइनसाठी, रक्ततपासणीसाठी एकेक करून टोचल्या जातात, कडक होतात. फिस्टुला करायची वेळ येते तेव्हा सर्जन हात उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, इथे तर काहीच उरलं नाही.

म्हणून घरात कुणाला किडनीचा दीर्घ आजार असेल, तर एक काम आजच करता येईल. ज्या हाताने ती व्यक्ती लिहीत नाही तो हात राखून ठेवायचा. सलाइन किंवा रक्त त्या हातातून नको, आणि दुसऱ्या हातातही शक्यतो पंजाच्या मागच्या शिरेतून. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर बीपीचा पट्टा नको, घट्ट घड्याळ नको, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. दवाखान्यात नर्स ट्रे घेऊन येते आणि घाईत विचारते, ‘कोणता हात?’ त्या वेळी पेशंट झोपेत असू शकतो, तापात असू शकतो. शेजारी बसलेल्या माणसाला उत्तर माहीत असलं पाहिजे.